मनोरमाबाईंचा अर्ज

मनोरमा गायकवाड भांडायला उभी राहिली की इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली कुत्रीसुद्धा वाट बदलतात, असं तिचे शेजारी मोठ्या कौतुकानं सांगत. मिलच्या वाइंडिंग खात्यात तिनं सोळा वर्षं सूत गुंडाळलं. वडील तुकोजी त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते. एक्क्याण्णव साली मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, बिनलग्नाची, आणि दम्यानं खाटेला खिळलेल्या बापाची एकुलती एक. देशाची दारं उघडली म्हणे त्याच साली. मिलच्या दाराला मात्र कुलूप लागलं, आणि ते उघडायला कोणी आलं नाही.

मिलच्या भिंतीलगत कामगारांच्या साठ खोल्या होत्या आणि मधोमध मैदान. दर भाद्रपदात त्या मैदानात मिलची झांकी तयार व्हायची. इंदूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. अनंत चतुर्दशीला इथले मिल कामगार हलत्या पुतळ्यांचे, रंगीत बल्बांचे देखावे गाड्यांवर चढवून शहरभर मिरवतात. मिल बंद पडली तरी झांकी बंद पडली नाही. पुतळे तेवढे कमी झाले.

पंचाण्णव साली मुंबईच्या एका कंपनीनं मिलची जागा घेतली आणि मैदान, खोल्या सगळंच आपलं असल्याचा दावा लावला. कामगारांनी समिती केली आणि मनोरमाला अध्यक्ष केलं. बडा गणपतीजवळचे म्हातारे वकील अप्पासाहेब फी न घेता उभे राहिले. पहिल्याच बैठकीत त्यांनी तिच्यासमोर बोट नाचवलं.

"सत्तर वर्षं तुम्ही इथं राहून राहिले आहात, झांकी बनवता, ते कुणाला न विचारता. अपनी पूरी केस त्या न विचारण्यावर उभी आहे. ज्या दिवशी लेखी परवानगी मागाल, त्या दिवशी जागा त्यांची आहे असं तुम्हीच कबूल केलं. समजलं ना, बेटा?"

"समजलं," मनोरमा म्हणाली. आणि तिला खरोखरच समजलं होतं.

मग लक्ष्मीकांत बेहेरे आला. कंपनीचा जमीन-मोजणीचा माणूस, नाशिककडचा, पंचेचाळिशीचा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. पहिल्या दिवशी त्यानं मैदानात मोजणीची टेप पसरली आणि मनोरमा तिच्यावर मांडी घालून बसली.

"बाई, उठा. हे सरकारी आदेशानं चाललंय."

"सरकारला बोलवा ना मग, भिया. मी इथंच बसून राहिली आहे."

तो उन्हात दोन तास उभा राहिला. शेवटी तिनंच चहा मागवला, कारण दारात आलेला माणूस तहानलेला जाऊ नये एवढे संस्कार शत्रूच्या बाबतीतही सुटत नाहीत. चहा पिऊन तो म्हणाला, "उद्या येतो." ती म्हणाली, "उद्या पण बसेन."

असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी तुकोजींचा श्वास कोंडला, रिक्षा मिळेना, आणि बेहेरेनं कंपनीच्या जीपमध्ये म्हाताऱ्याला घालून दवाखाना गाठला. मनोरमाला त्याचा राग येईना, आणि याच गोष्टीचा तिला फार राग आला.

त्यांचं प्रेम जमवलं ते कोर्टानं. दर दीड महिन्यानं पेशी, म्हणजे सुनावणी, असायची. वादी-प्रतिवादी एकाच व्हरांड्यात, एकाच बाकावर ताटकळत. तो कागदात बांधून कचोरी आणायचा, ती त्याच्या नाशकी मराठीची नक्कल करायची. पुढची तारीख पडली की बाकीचे कपाळाला हात लावत, ही दोघं मनातून खूश होत. वर्षभरात त्यानं लग्नाचं सरळ विचारलं. तिनंही सरळ सांगितलं, "कज्जा मिटेपर्यंत नाही, बेहेरेजी. अध्यक्षच कंपनीच्या माणसाच्या घरात जाऊन बसली तर लोक तोंडावर थुंकतील. आणि बरोबरच थुंकतील."

तो थांबला. पण कोर्ट काही घाई करेना, आणि सत्त्याण्णवच्या श्रावणात कंपनीनं त्याला कळवलं की दिवाळीनंतर मुंबईला परत यायचं. त्याच सुमारास कंपनीनं मैदानाला तारेचं कुंपण घातलं. झांकीचे सांगाडे आत, माणसं बाहेर. तरुण पोरं लाठ्या जमवू लागली. नाक्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

बेहेरे दुपारी तिच्या खोलीवर आला. हातात कोरा कागद होता.

"एक साधा अर्ज द्या. झांकीसाठी पंधरा दिवस मैदान वापरू द्यावं म्हणून. उद्या मंजूर करून आणतो. डोकी फुटणार नाहीत."

"अप्पासाहेबांनी लिहून द्यायला मना केलंय."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. कोरा कागद त्यानं तिच्यापुढे सरकवला. "मनोरमा, हे कधीतरी संपायला हवं ना?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं होतं की कशाबद्दल बोलणं चाललं आहे. ती एकोणचाळीस वर्षांची होती. साठ घरांचं ओझं उचलून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिची वाट पाहत होतं. पोरांची डोकी फुटतील ही काळजीही खोटी नव्हती. तिनं त्या काळजीला पुढे केलं आणि तिच्या आड बसून अर्ज लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

सही घ्यायला ती आधी दिनानाथकडे गेली. दिनानाथ समितीचा खजिनदार, तुकोजींच्या जोडीचा जुना विणकर. त्यानं चष्मासुद्धा शोधला नाही. "तू लिहिलंय ना? मग बघायचं काय," म्हणत सही ठोकली. मागोमाग अकरा जणांनीही न वाचता केली. कुंपण उघडलं. झांकी निघाली, तिला बक्षीसही मिळालं.

जानेवारीत कंपनीच्या वकिलानं तो अर्ज कोर्टात ठेवला. अप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि ते खाली बसले. केस तिथंच संपली होती, निकालाचा कागद यायला तेवढा उन्हाळा लागला.

अर्ज पुढे आला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात लोकांनी पेशीसाठी मुंबईहून आलेल्या बेहेरेला धरलं. "बाईला फसवतोस? प्रेमाचं नाटक करून सही काढतोस?" त्याचा ओठ फाटला, शर्टाची बाही हातात आली. मार खाता खाता त्यानं मनोरमाकडे पाहिलं. 'तिला माहीत होतं' एवढं जरी तो म्हणाला असता तरी पुरे होतं. तो बोलला नाही. मनोरमा चार पावलांवर उभी होती. जिच्या आवाजाला अख्खा परदेशीपुरा वचकून असे, त्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही.

निकालानंतर त्याचं मुंबईहून एक पत्र आलं. कज्जा मिटला आहे, या, एवढंच होतं. ती कशी जाणार? गेली असती तर फसलेली बाई राहिली नसती, सामील ठरली असती. तिनं उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं नाही.

खोल्या पाडल्या. कोणी मानपूरला हायवेवरच्या ढाब्यांत भांडी घासायला गेलं, कोणी गावी. तुकोजी भाड्याच्या खोलीत वारले. मनोरमा भंवरकुआंच्या एका गल्लीत कोचिंगच्या मुलांना डबे करून देऊ लागली. हाताला चव होती, बोलणं फार नव्हतं. मुलांना वाटायचं मावशी शांत स्वभावाची आहे.

मैदानावर आता आठ मजली इमारत आहे, आणि तिच्या फाटकावर निळ्या गणवेशात दिनानाथ बसतो. मुलानं नोकरी लावून दिली. साहेब लोकांच्या गाड्यांना सलाम करतो. एखाद्या रविवारी तो बस पकडून मनोरमाकडे येतो. तिला त्याचं येणं नको असतं, आणि तो आला नाही तर ती दारात जाऊन बघते.

परवा आला तेव्हा पायऱ्या चढून धापा टाकत होता. तिनं पाटावर बसवलं, गरम पोळी वाढली.

"मनोरमा," तो जेवता जेवता म्हणाला, "आपले लोक भेटतात ना, कोणी तुला बोल नाही लावत. मी सगळ्यांना सांगतो, पोरीची काही गलती नाही. आपली मनोरमा सोन्यासारखी होती, त्या माणसानं फसवलं तिला. खरं की नाही?"

तिनं तव्यावरची पोळी उलटली.

"हो, काका," ती म्हणाली. "फसवलं."