लंगराचा डिप्लोमा

फौजेतून रिटायर झालेला माणूस दिसला की आमच्या बदलापूर गावात लोक एकच विचारतात, कुठल्या कंपनीच्या गेटवर लागला? मला ह्या प्रश्नाचा असा राग येतो म्हणून सांगू. सतरा वर्षांत फौजेने माणसाला काहीतरी शिकवलं असेल की नाही? पण नाही, फौजी म्हणजे वॉचमन हे ठरलेलं. माझे मिस्टर, आनंदा नाव त्यांचं, दोन हजार चार साली सुटून आले आणि थोड्याच दिवसांत अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर उभे राहिले. टेम्पोचे नंबर लिहायचे, साहेबाच्या गाडीला सलाम ठोकायचा. झालं.

आता खरी गोष्ट ऐका. हे फौजेत स्वयंपाकी होते. लंगर म्हणतात तिकडे पलटणीच्या स्वयंपाकघराला, तिथले फर्स्ट क्लास कुक. मला स्वतःला हे लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. सुट्टीवर आलेले, माझ्या हातची आमटी खाल्ली आणि न राहवून फोडणीवर अख्खं भाषण दिलं. मी खोदून विचारलं तेव्हा तोंडातून निघालं. वर मला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे शंकरराव. त्यांचे आजोबा पलटणीत, चुलते पलटणीत. बाबा स्वतः कारखान्यात खपले, त्याची त्यांना आयुष्यभर हळहळ. पोरगा भरती झाला तेव्हा त्यांनी बुद्धविहारात पेढे वाटले, आणि पुढे सतरा वर्षं गावभर सांगत फिरले की आमचा आनंदा बॉर्डरवर बंदूक घेऊन उभा आहे. ह्यांनी ते कधी खोडलं नाही. नंतर वॉचमनची वर्दी अंगावर चढली तरी बाबांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी वर्दी ती वर्दी. ती रोज इस्त्री करताना मी मात्र आतल्या आत धुमसायची.

मी शिवणकाम करते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला एक सिंधी शेठ मला घाऊक काम द्यायचा. दोन हजार आठ साली त्याने तिथल्याच एका केटरिंग कॉलेजचे अॅप्रन शिवायला दिले. ते पोचवायला गेले तर कळलं, तिथे पोरांना प्रत्यक्ष स्वयंपाक शिकवायला माणूस हवाय. मी तडक आत घुसले. मैत्रेयी मॅडम म्हणून तिथल्या मुख्य होत्या, बोलायला साध्या. त्या म्हणाल्या की शिकवायचं तर डिप्लोमा लागतो, पण तो मुक्त विद्यापीठाचा आहे आणि फौजेतला ट्रेड त्यात धरतात. म्हणजे लंगरातलं ट्रेनिंग आणि नोकरी मिळून पहिल्या वर्षाचं सगळं क्रेडिट. राहिलं दुसरं वर्ष, तेही रविवारी. मला तर तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, ह्या वयात कॉलेज, लोक हसतील. माझं डोकं सटकलं. म्हटलं, गेटवर उभं राहून केस पांढरे केलेत तेव्हा कुणी हसलं नाही, आता हसले तर हसू देत. तीन दिवस मी तो विषय सोडला नाही. चौथ्या दिवशी हे सुट्टी टाकून ठाण्याला गेले, सैनिक कल्याणच्या ऑफिसातून कागदांवर शिक्के आणले आणि कॉलेजात नाव घातलं.

वर्ष मजेत गेलं. बाबांना सांगितलं, रविवारी ओव्हरटाइम आहे. हे मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसायचे. पोरं आधी अंकल म्हणायची, दिवाळीपर्यंत सर म्हणायला लागली. परदेशी सॉसची नावं ह्यांना पाठ होईनात, पण चव घेतली की म्हणायचे, अरे, हा तर आमचा अमुक रस्सा. घोटाळा एकच व्हायचा, माप. शंभर माणसांचा हात तो. घरी चौघांची डाळ करून बघायला सांगितली तर आमची अख्खी आळी जेवली. शेजारच्या बनूबाई डबा घेऊन दारात यायच्या आणि विचारायच्या, आज परीक्षा आहे का गं?

शेवटच्या प्रॅक्टिकलची रीत त्या कॉलेजात वेगळीच. चार माणसांचं जेवण करायचं, आणि ती चार माणसं ज्याने त्याने आपल्या घरची-ओळखीची आणायची. चार ताटं वाढली तरच पूर्ण मार्क. हे म्हणाले, गेटवरचे चौघे वॉचमन नेतो. मी म्हटलं, मी येणार, आपली लेक सोनू येणार, बनूबाईंनी इतकं खाल्लंय तर त्या येणार, आणि चौथ्या खुर्चीवर बाबा बसणार. ह्यांचा चेहराच उतरला. पण त्या संध्याकाळी स्वतःच बाबांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू तिकडे चूल फुंकत होतास." आणि उठून बाहेर गेले. नंतर आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत. विहारात जायचं सोडलं, म्हणे लोकांना काय तोंड दाखवू. ह्यांनी दोन रात्री कड बदलत काढल्या आणि मला म्हणाले, राहू दे परीक्षा. गेट काय वाईट नाही. बापाची मान खाली घालून मला सर व्हायचं नाही.

ते ऐकलं आणि मला रडूच आलं. रडून झाल्यावर राग आला. मी सरळ बाबांसमोर उभी राहिले. सून म्हणून मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "बाबा, तुमच्या मुलाने कुणाचं चोरलं नाही. उपाशीपोटी गोळी झाडता येते का? एकदा त्याच्या हातचं खा, मग काय बोलायचं ते बोला." परीक्षेच्या दिवशी सकाळी बघते तर बाबा पांढरा सदरा घालून दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेले. म्हणाले, बघू तर पोराने आयुष्य कशात घालवलं ते.

हे पास झाले ते आत्ताच सांगून टाकते. पहिला वर्ग आला, वर्दी मी बोहारणीला देऊन त्यावर एक पातेलं घेतलं, आणि आता आनंदा सर कॅम्प चारला पोरांना शिकवतात. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

आम्ही चौघं टेबलाला बसलो. चार ताटं आली, माप चोख. वरण, भात, मटणाचा रस्सा, शेवटी खीर. मैत्रेयी मॅडमनी सगळ्यातलं चमचाभर घेऊन बघितलं, मान हलवली, आणि तोंडी परीक्षा तिथेच सुरू केली. लंगरात वाढायची पद्धत काय, असं त्यांनी विचारलं. हे ताठ उभे राहून म्हणाले, सगळे ताट घेऊन रांगेत येतात आणि कुक वाढतो. वर डोंगरातल्या पोस्टवर तर सुभेदारसाहेबसुद्धा त्याच रांगेत.

बाबांचा घास हातातच राहिला. "तुझ्यापुढे रांग लावायचे?"

"हो बाबा."

"कुठले लोक?"

"सगळे. जाट, ठाकूर, पंडित. आपल्याकडचे पाटील, देशमुख."

"त्यांना ठाऊक होतं? आपण कोण ते?"

"ठाऊक होतं. भीमजयंतीला मी खीर करायचो. सगळे मागून घ्यायचे."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग बाबा बोलले, कुणाकडेच न बघता. त्यांच्या लहानपणी मोठ्यांच्या घरी लग्न असलं की त्यांना आणि त्यांच्या वडिलांना गोठ्याच्या मागे बसवायचे, पंगती उठल्यावर. वाढणारा हात उंच धरायचा, शिवाशीव नको म्हणून, आणि वरून भात टाकायचा. पानाबाहेर पडलेला भात बाबांनी मातीतून वेचून खाल्लेला. इतकी वर्षं त्या घरात नांदत होते मी, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. मग खुर्ची मागे सारून उठले आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी धरून, ओट्यापलीकडे डाव घेऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलासमोर जाऊन उभे राहिले.

"वाढ," बाबा म्हणाले. "मी रांगेत आहे."