श्रावणाआधीची बेगमी

आमच्या आईची जीभ गिरगावात प्रसिद्ध होती. ती जीभच जड झाली तेव्हा आम्ही घाबरलो. चेहरा सुजला, भुवया गळाल्या, आवाज घोगरा झाला. ऐन वैशाखात ती गोधडी पांघरून बसे आणि विचारलेल्याचं उत्तर, आपण प्रश्न विसरल्यावर देई. शेजारणी म्हणत, बाई आळसावली. मी सासरहून आले होते ती आईची सेवा करायला की त्या बायकांशी भांडायला, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

शेवटी एका डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला. "इथली गाठ वाळून गेलीय," ते म्हणाले. "अंगातली ऊब, सगळं चलनवलन तिच्यावर. मेंढीच्या गळ्यातही अशीच गाठ असते. ती थोडी थोडी पोटात जायला हवी." त्यांच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता. मेंढीच्या गाठीचा पातळ काप त्यांनी मला त्यातून दाखवला. बारीक बारीक कप्पे, आणि प्रत्येकात खरवसासारखं काहीतरी गोठलेलं. सगळी करामत त्यातच, म्हणे. विलायतेत कुणाला त्यात आयोडीन सापडलं होतं, समुद्रात असतं तेच.

"मग नुसते मासे खाल्ले तर?" मी विचारलं.

"मासे म्हणजे शिधा," ते हसले. "रांधणारी ही गाठ. तुमच्या आईकडे शिधा आहे, रांधणारी नाही."

आमच्यात मटण चालत असे. खाटीक गाठी पानात बांधून देई. मी बोराएवढा तुकडा तव्यावर जरा परतून रोज सकाळी आईला देई. हळूहळू सूज उतरली. एके दिवशी ती माझ्यावर खेकसली, "आमटीत मीठ कोण घालणार, तुझी सासू?" मी रडलेच. इतकं गोड मला कुणी कधी बोललं नव्हतं.

मग आषाढ संपत आला. श्रावणात आमच्या घरात मांस शिजत नसे, आणि औषध थांबवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने यावर आपली तोड काढली आणि कुणाला सांगितली नाही. पापड-लोणच्यांची करावी तशी तिने औषधाची बेगमी केली. अमावास्येच्या आधी रोज खाटकाकडून ओंजळभर गाठी मागवल्या आणि मी देवळात गेले की मसाला लावून खाल्ल्या. महिन्याचं सगळं आधीच पोटात घालून ठेवलं.

श्रावण लागला त्या सकाळी ती देवघरासमोर बसली होती. हातातली पळी ताम्हनावर थडथडत होती, अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. मी छातीवर हात ठेवला. काळीज नुसतं उधळलं होतं. "सांगते," ती धापा टाकत म्हणाली. "रागावू नकोस."

ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हे लगेच उतरत नाही, बाई. अंगात राहतं. आता निपचित पडायचं. उठलात तर काळीज थांबेल."

आणि आईला तर निपचित पडताच येईना! पाय आपोआप हलत. तिला केर दिसे, देवाची शिळी फुलं दिसत. मी तिचे खांदे दाबून बसून राहिले, शिव्या खात. नाडी चुकली की माझाही श्वास थांबे. वडील दारात येऊन एवढंच विचारत, "आहे ना?"

बऱ्याच दिवसांनी नाडी ताळ्यावर आली. पण तिथे न थांबता ती मंद होत चालली. श्रावण सरायच्या आधीच आईने भर दुपारी पांघरूण मागितलं आणि मी डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर म्हणाले, "बोराएवढंच, पण आजपासून."

"श्रावण तेवढा संपू दे," वडील पुटपुटले.

"श्रावण संपला की गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमचा देव मोकळा कधी व्हायचा? मला परत त्या अंधारात जायचं नाही. मरण परवडलं. देवाला काय सांगायचं ते माझं मी सांगेन. तवा ठेव गं."

शेवटचा श्रावणी सोमवार होता. मी तुकडा कापला. याच वस्तूने तिला उठवलं होतं, याच वस्तूने ती जाता जाता राहिली होती. मला भयंकर भीती वाटली. मी तुकड्याचे पुन्हा दोन केले, एक तव्यावर ठेवला आणि दुसरा बाजूला सारला.

आई बघत होती. तिने गार बोटांनी तोही अर्धा तुकडा उचलला आणि तव्यात टाकला.