मार्गांचे फेरवाटप

सर्व्हर रूमच्या दारात वीसेक ट्रॅक्टरवाले उभे होते. सगळ्यात पुढे तात्या. त्यांनी हातातला कागद माझ्यासमोर धरला.

"म्याडम, आमचा रूट कुनाला देताय?"

मी नेटवर्क इंजिनियर. राहायला भिंगारला, नोकरी नगरमधल्या एका छोट्या कंपनीत. त्या दिवशी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात फायरवॉलचं काम होतं. ट्रॅक्टरशी माझा संबंध इतकाच, की वाटेत त्यांच्या मागे तासभर अडकले होते.

कागद म्हणजे कारखान्याची नोटीस होती. 'उद्या सकाळी दहा वाजता आयटी विभागामार्फत मार्गांचे फेरवाटप करण्यात येईल. संबंधितांनी नोंद घ्यावी.' खाली सही, शिक्का.

मला उलगडा झाला. कामाची परवानगी मागताना मी ईमेलमध्ये 'रूट रिडिस्ट्रिब्यूशन' लिहिलं होतं. कार्यालय अधीक्षक गायकवाड साहेबांनी त्याचं शुद्ध मराठी केलं आणि फलकावर लावलं. कुठल्या गावचा ऊस कोणी आणायचा, याला इथे रूट म्हणतात. हंगाम ऐन भरात होता.

मी समजावलं. कारखान्याच्या आतली यंत्रं एकमेकांना रस्ते सांगतात ते एका प्रोटोकॉलने, ओएसपीएफ. बाहेरची केंद्रं जोडलेली आहेत ती दुसऱ्याने, बीजीपी. या दोन भाषा समजा. मध्ये फायरवॉल, म्हणजे दोन्हींच्या वेशीवरचा पहारेकरी. त्याने एका भाषेत ऐकलेले रस्ते दुसऱ्या भाषेत सांगायचे, एवढंच रिडिस्ट्रिब्यूशन. कोणाचं काढून कोणाला द्यायचं नसतं.

"फेरवाटप म्हंजी फेरवाटप," तात्या म्हणाले. "आमी काय आज आलोय का?"

तेवढ्यात एमडी साहेब आले. हे काम दिवसाढवळ्या ठेवण्याची कल्पना त्यांचीच. 'दिवसा सगळे हजर असतात,' असं त्यांचं म्हणणं. ते खरंच ठरलं.

"मॅडम, लिहून द्या यांना."

"काय लिहून देऊ?"

"कोणत्याही ट्रॅक्टरचा रूट बदलणार नाही."

"सर, मला तो अधिकारच नाही."

"मग तर द्यायला काय हरकत आहे?"

मी लिहून दिलं. गायकवाड साहेबांनी त्यावर शिक्का मारला. तात्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पण ते हलले नाहीत.

"तुमी करा तुमचं काम. आमी बघतो."

वीस माणसं माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. खरी पद्धत अशी, की कोणते रस्ते पलीकडे सांगायचे आणि कोणते नाहीत, याची यादी आधी लिहायची. त्याला फिल्टर म्हणतात. पण मी एकेक ओळ टाइप केली की मागून कोणीतरी विचारायचं, "हे कुठलं गाव?" मी वैतागले. म्हटलं, आधी चालू करू, फिल्टर नंतर लावू. एंटर दाबलं.

पाच मिनिटं सगळं छान चाललं. मग वजनकाट्यावरून फोन आला. गाडीचं वजन होतंय, पण पावती छापून येत नाही. पावतीशिवाय गाडी ऊस उतरवायला आत घेत नाहीत. फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. कापलेला ऊस उन्हात वाळत होता.

"बदललाच ना रूट!" तात्या ओरडले.

मी एकेक सेटिंग तपासत होते. एमडी साहेब विचारत होते, "मॅडम, पावत्या गेल्या कुठे?" मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

उत्तर राजूरहून आलं. तिकडे डोंगरात याच समूहाचं दूध संकलन केंद्र आहे. तिथले ऑपरेटर सोमनाथ फोनवर होते.

"म्याडम, हितं पावत्याच पावत्या निघत्यात. समदा ऊस हाय. आमच्याकडं ऊस न्हाई."

"प्रिंटर बंद करा आधी."

"क्येला. पन एक पावती दूध घालाया आलेल्या बाईंच्या हातात ग्येली. त्यात वजन सतरा टन, उसाची जात को ८६०३२. त्या म्हनत्यात, माझी तर म्हैस हाय."

मागून त्या बाईंचा आवाज येत होता. सतरा टन त्यांना मान्य होतं. जात मान्य नव्हती.

आता चूक दिसली. राजूरचं नेटवर्क कोणीतरी कारखान्याची नक्कल मारून उभं केलं होतं. दोन्हीकडच्या प्रिंटरचा पत्ता एकच. कारखान्यात काट्याच्या प्रिंटरचा रस्ता ढोबळ लिहिलेला होता, राजूरचा नेमका. पोस्टमनला एका पाकिटावर नुसतं गाव आणि दुसऱ्यावर गल्लीसकट पत्ता दिला, तर तो गल्लीवर विश्वास ठेवतो. नेटवर्कही तसंच. काट्याची पावती समोरचं पटांगण ओलांडायचं सोडून घाट चढून राजूरला जात होती.

म्हणजे तात्यांचं बरोबर होतं. रूट बदलला होता. फक्त ट्रॅक्टरचा नव्हता.

मी रिडिस्ट्रिब्यूशन बंद केलं. काट्यावर पावत्या लगेच सुरू झाल्या, राहिलेल्या पुन्हा छापल्या, रांग हलली. ट्रॅक्टरवाले आपापल्या गाड्यांकडे पळाले. रिकाम्या खोलीत मी शांतपणे फिल्टर लिहिला, राजूरचा तो रस्ता त्यात अडवला आणि पुन्हा एंटर दाबलं. काही बिघडलं नाही. पुढच्या आठवड्यात राजूरच्या यंत्रांचे पत्तेही बदलून दिले.

एमडी साहेबांनी अहवाल मागितला. मी कारण लिहिलं, 'फिल्टर न लावता बदल केला. चूक माझी.' त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'दूध विभागाचा अनाहूत हस्तक्षेप.' दूध विभागाने याला लेखी हरकत घेतली आहे. चौकशी चालू आहे.

मी मात्र माझ्यापुरता धडा घेतला. दोन घरांना एकमेकांची खबर द्यायची, तर काय सांगायचं नाही ते आधी ठरवावं. सासर-माहेरच्या बाबतीत मी हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. फायरवॉलवर ते आठवायला उशीर झाला.