भातलावणीचं गाणं

तेव्हा मी पोलादपूरच्या एका शाळेत संगीत शिकवायचो आणि स्वतःला मोठा संगीतकार समजायचो. स्नेहसंमेलनासाठी भातलावणीचं जुनं गाणं मुलांकडून बसवून घेत होतो, मुंबईहून आणलेल्या कीबोर्डचा तयार ठेका लावून. वालाच्या शेंगा विकायला आलेली एक म्हातारी दारात थांबून ऐकत होती. ती पदर तोंडाला लावून हसली.

"गुरुजी, गानं बरं हाय, पन एवढ्या घाईत रोप कसं लावनार? चिखलातना पाय काढायला येळ नको?"

मग टोपली खाली ठेवून ती वाकली आणि एकेक पाऊल मागे सरकत गायली. मुलंही तशीच वाकली. मला कीबोर्डवर तिचा सूर सापडेना. ठेका मी गुपचूप बंद केला.

संमेलनात गाणं तिच्याच चालीने झालं. संगीतकार म्हणून माझं नाव पुकारलं, तेव्हा मी उठून नमस्कारही केला. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.