जादा खाल्लेलं वळण

दसरा होऊन चार दिवस झाले होते. मामांनी मशीनचं दार उघडलं, ॲल्युमिनियमच्या पॅटर्नवरच्या धातूच्या चिप्स हवेने उडवल्या आणि काही न बोलता मला हाताने बोलावलं. एरवी अख्ख्या मशीन शॉपला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस.

मामा आमच्या शॉपचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मी प्रोग्रॅम करते, म्हणजे टूलने वळणावरून कसं जायचं ते कॉम्प्युटरवर ठरवते. मामा टूल लावतात, शून्य घेतात आणि मशीन चालवतात. समोर होता पंपाच्या पात्यांचा पॅटर्न. त्यावरून फाउंड्रीत साचे पडणार होते. पात्याचं वळण जिथे सगळ्यात उभं होतं, नेमकं तिथे टूल आत घुसलं होतं. डोळ्यांना जेमतेम दिसत होतं, पण नख फिरवलं की अडकत होतं. आमच्याकडे म्हणतात, टूलनं जादा खाल्लं. कमी खाल्लं तर परत मारता येतं. जादा खाल्लं की जॉब भंगारात.

"ताई, माझ्याकडनं झालं व्हय ह्ये?"

"छे हो मामा. बघते मी प्रोग्रॅम."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळत होतं. उन्हाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि ते फक्त मला ठाऊक होतं. एकदा चहाचा कप बशीत खडखडला, मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं. "कुनाला बोलू नगासा," ते म्हणाले होते. "मशिनवर गेलं की थांबतंय. मशीन सुटलं तर घरात बसून काय करू मी?" मी शब्द दिला होता.

शून्य घ्यायचं काम सगळं बोटांचं. टूल आणि जॉब यांच्यात कागदाचा चिटोरा धरून हलवत राहायचं, टूल खाली आणत जायचं, आणि कागद जरा अडला की तिथे शून्य; मशीन पुढचं सगळं तिथूनच मोजतं. मामांचा कागद कधी चुकला नव्हता.

मी प्रोग्रॅम उसवून बघितला. वळणाच्या त्रिज्येपेक्षा टूल मोठं आहे का? नव्हतं. दोन सरफेसमध्ये कुठे फट राहिली आहे का? नव्हती. टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढी चूक, आणखी बारीक केला, टूल आत उतरायची वाट बदलली, सिम्युलेशन तीनदा चालवलं. पडद्यावरचं पातं गुळगुळीत आणि हिरवंगार, म्हणजे कुठेच चूक नाही. त्या हिरव्या रंगाचा मला संताप आला. मग ॲल्युमिनियमचा दुसरा ब्लॉक लावला. त्याच वळणावर, त्याच जागी, टूलचा आवाज खरखरीत झाला. मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

संध्याकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, चूक प्रोग्रॅममधी हाय का हातामधी हाय, येवढंच सांगा. शेवटचा ब्लॉक उरलाय."

मी खुर्चीत ताठ बसले होते. माझा प्रोग्रॅम बरोबर होता, आणि बरोबर असण्याचा माज वाईट. मी म्हणाले, "मामांचा हात थरथरतो."

इतकं सोपं होतं ते. बावड्यातल्या घरापर्यंत स्कूटी चालवताना मी स्वतःला समजावत होते, की खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा कोपऱ्यात बसून कानशीने जॉबच्या कडा घासत होते आणि मशीनवर दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर होता. शेवटचा ब्लॉक. शून्य त्याने घेतलं, दगडासारख्या हाताने. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिले. मोठ्या टूलने सगळं नीट काढलं. मग फिनिशिंगचं गोल टोकाचं टूल आलं, वळणावर चढलं, आणि तोच खरखरीत आवाज. कोपऱ्यात कानस थांबली.

मी मशीन बंद करायला लावलं. ते टूल ज्या होल्डरमध्ये बसतं, तो खाली काढून घेतला आणि त्याच्या मशीनमध्ये बसणाऱ्या निमुळत्या मागच्या अंगावरून बोट फिरवलं. काहीतरी टोचलं. बोट लाल झालं.

तेलात वाळलेलं कुंकू, आणि त्यात चेंगरलेला अक्षतेचा दाणा.

खंडेनवमीला सगळे होल्डर तांबड्या कापडावर मांडले होते. टिळे मी लावले होते, हौसेने, मागच्या अंगालाही. पूजेनंतर मामा फडकं घेऊन पुसायला आले, तर मीच त्यांना अडवलं होतं. "अहो मामा, आजच्या दिवशी कुंकू पुसतात का?" ते हसून मागे झाले आणि होल्डर मीच मशीनमध्ये लावले. दाण्यामुळे होल्डर केसभर वाकडा बसला होता, आणि खाली टूलचं टोक त्याच्या दुप्पट झोकांड्या खात होतं. सपाटीवर ते कळत नाही. उभ्या वळणावर ते जादा खातं.

पहिला विचार काय आला सांगू? होल्डर पुसून टाकावा आणि गप्प बसावं. लाज वाटते, पण आला. मग केबिनमध्ये जाऊन मालकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते फाडून खातील. ते मोठ्याने हसले. "भक्ती जास्त झाली की ओ मॅडम! जाऊ द्या. नवा ब्लॉक मागवू."

"आणि मामा?"

"चालवू दे की मशीन." मग हसणं थांबलं. "शून्य मात्र दुसऱ्यानं घ्यायचं. हात थरथरतोय म्हणाला न्हवं तुम्ही?"

मी खूप बोलले. मामांचा दोष नव्हता, तिन्ही पॅटर्न माझ्यामुळे गेले, त्यांचा कागद कधी चुकला नाही. मालक ऐकत होते, मान हलवत होते, आणि काहीही बदलणार नव्हतं.

मामांकडे गेले. माफी मागितली. ते कानस पुसत होते.

"ऱ्हाऊ द्या ताई. खोटं कुटं बोलला तुम्ही?"

आता मामा मशीनवर असतात. शून्य घ्यायची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारतात आणि बाजूला उभे राहतात. मी चहा घेऊन गेले की कप डाव्या हाताने घेतात. उजवा हात खिशात असतो, आणि मी तिथून जाईपर्यंत तो बाहेर येत नाही.