एक बूट, दोन बीट

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात अकरा वर्षं ओल्यात उभं राहून काकींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांना सहा महिन्यांसाठी कोरड्या भांडारात बसवलं. तात्पुरतं, बरं का. भांडाराची नोंदवही इंग्रजीत, म्हणून कायम व्हायचं तर तिथल्या दहा वस्तूंची अनेकवचनं इंग्रजीत लिहायची. सात बरोबर आली तर भांडार, नाहीतर पुन्हा तेच पाणी आणि तेच गुडघे.

एरवी काकी म्हणजे नळावर भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई. पण त्या आठवड्यात बटाटे सोलतानाही ओठ पुटपुटत होते. मास्तरीण कोण, तर नणंद. शाळेत शिपाईण, म्हणजे घरातली विदुषीच.

"वहिनी, शेवटी एस लावायचा. ब्रशला ईएस. नाइफचा एफ उडवून व्ही. पण फूटचं फीट, टूथचं टीथ."

"ते का?"

"का विचारायचं नाही. इंग्रजी आहे."

काका पेपरामागून म्हणाले, "हिचं एकवचन मला झेपेना, आता अनेकवचन येतंय."

काकी हसल्या नाहीत. तिथेच नणंदेनं ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

परीक्षेच्या सकाळी भांडाराच्या साहेबांनी यादी पुढ्यात ठेवली. शीट, टॉवेल, पिलो, ब्लँकेट, ब्रश सुटले. नाइफला व्ही मिळाला. कात्रीपाशी काकी अडल्या. सीझर्स एकटी असली तरी एस घेऊनच हिंडते, मग दोन झाल्या की काय? त्यांनी आणखी ईएस डकवलं. पुढची दोन तर अंदाजपंचेच गेली.

शेवटी आला बूट. फूटचं फीट, टूथचं टीथ, मग याचं? काकींनी 'बीट' लिहिलं. वाचून पाहिलं. बीट तर किसून खातात. खोडलं. 'बूट्स' लिहिलं. आपल्याकडे एक बूट, दोन बूट, कुणाची तक्रार नाही. पण नणंद म्हणाली होती ना... पुन्हा 'बीट'. खोडरबरानं कागद इतका झिजला की खालचं टेबल दिसायला लागलं.

"दोन मिनिटं राहिली," साहेब म्हणाले.

काकींनी डोळे मिटले. पाय आणि दात अंगाचे, म्हणून ते आतून बदलतात. बूट वरून चढवायचा. त्याला एसही वरूनच चढवावा. तर्काला कुणी मान्यता दिली नव्हती, पण दुसरा तर्क हाताशीही नव्हता. त्यांनी 'बीट' खोडून बूटला एस चढवला आणि पेन्सिल खाली ठेवली.

साहेबांनी लाल पेन फिरवलं. फुली. फुली. आणखी एक फुली. काकी बोटांवर मोजत होत्या. यापुढे एक जरी आली तरी संपलं. पेन बुटावर येऊन थांबलं. साहेबांनी तो फाटका कागद उजेडात धरला.

"हा एसच आहे ना?"

"एसच," काकी म्हणाल्या.

"सात. सोमवारपासून इथेच."

"इथेच म्हणजे धुलाईत नाही ना?"

"नाही हो."

"एकदा लिहून देता?"

साहेबांनी लिहून दिलं. काकी चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.