न हललेली मान

आवडाबाई कुठल्याच दाराला आतून कडी लावत नसत. मोरीत गेल्या तरी दार नुसतं लोटायचं आणि मोठ्यानं 'रामकृष्ण हरी' म्हणत राहायचं, म्हणजे आत माणूस आहे हे घराला कळतं. गंगापूरहून छत्रपती संभाजीनगरला जायचं तर जीपमध्ये ड्रायव्हरशेजारचीच जागा. ती नसेल तर पुढची जीप. कोंडलेल्या जागेत त्यांची छाती धडधडे, हातपाय गार पडत. डॉक्टरांनी त्याला चिंतेचा आजार म्हटलं, गोळ्या दिल्या. आवडाबाई त्या घेत आणि नामही घेत. "गोळीनं झोप लागती, नामानं जीव जाग्यावर येतो," असं त्या सांगत.

गेल्या हिवाळ्यात भजन ऐन रंगात असताना त्यांच्या उजव्या हातातला टाळ खाली पडला. पुढं तो वरचेवर पडू लागला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मानेतली नस दबली असावी, पण एमआरआय पाहिल्याशिवाय ऑपरेशनचं काही सांगता येणार नाही, असं शहरातले डॉक्टर म्हणाले. भजनी मंडळात आवडाबाईंची जागा त्या टाळामुळं होती. सून होऊन गावात आल्या तेव्हापासूनची.

पहिल्या खेपेला मशीनच्या नळीत सरकवताच त्यांनी मशीन थांबवायला सांगण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबला. बाहेर काढलं तेव्हा दवाखान्याचा गाऊन घामानं चिंब झाला होता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटून नाम धरलं. मशीन ठोके देऊ लागलं आणि नाम आपसूक त्या ठोक्यांवर बसलं. नवरा मोतीराम पखवाज वाजवतात तसंच वाटलं. भीती कुठल्या कुठं गेली. बाहेर आल्या त्या हसतच.

मशीन चालवणारा शिवराज मात्र डोकं खाजवत होता. "मावशी, फोटो सगळे हलले. मान डोलवत होता तुम्ही."

"अरे बाबा, ठेका लागल्यावर मान डोलवायची नाय तर काय करायचं?"

सोबत आलेल्या अतुलला, त्यांच्या मुलाला, हसू आवरेना. आवडाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पाणी आणायला निघून गेला.

घरी आल्यावर त्यांनी बाजेला चारी बाजूंनी चादरी सोडल्या, खाली जाऊन उताण्या झोपल्या आणि कपाळावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. मोतीरामांना पखवाज घेऊन बाजेवर बसवलं. ते वाजवणार, आणि आवडाबाई मनातल्या मनात नाम घेणार, ओठसुद्धा न हलवता. पहिले काही दिवस उशी रोज ओली झाली.

शेजारच्या केसरबाई डोकावल्या. "का गं आवडे, नवऱ्यानं वरून हाकलली का काय?"

"व्हय. जागा पुरंना त्यांना."

वाटी सांडली. मोतीरामांनी पखवाज थांबवला. "पुन्हा," चादरीआडून हुकूम आला.

वाटी सांडायची थांबली तेव्हा मोतीराम मुद्दाम ठेका चुकवू लागले. त्यानंही पाणी हललं नाही. आपण चादरींच्या आत कोंडलेल्या आहोत, हे आवडाबाईंच्या ध्यानात आलं ते त्या दिवशी. नाम चालू होतं. त्या उठल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला मशीननं भलतेसलते ठोके दिले, मधेच थांबलं, मधेच किंचाळलं. आवडाबाई आत दगडासारख्या पडून होत्या. फुगा दाबायची वेळ आली नाही.

"मावशी, एक नंबर!" शिवराज म्हणाला. "आरशासारखे फोटो आलेत."

"तुझ्या मशीनला ठेका धरता येत नाय," आवडाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यापेक्षा वाईट वाजवतं. मीच सांभाळून घेतलं."

दबलेली नस फोटोत स्पष्ट दिसली. ऑपरेशन झालं, बोटांतल्या मुंग्या हळूहळू गेल्या. उन्हाळा सरता सरता आवडाबाई मंडळात आपल्या जागी बसल्या. शेवटचा अभंग होईपर्यंत टाळ हातातून सुटला नाही. मान मात्र त्यांनी मनसोक्त डोलवली.